नारळावरून पॉलिकार्बोनेट शीटवर पडलेले आकाराम चौगुले

मी, नजीरा दस्तगीर मोमीन, वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कुरुंदवाड, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर, समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी मुलगी अरीबा व तिच्या तान्ह्या बाळासह वरील पत्त्यावर राहते. शेजारी आकाराम चौगुले एकटेच असतात. त्यांच्या झाडाचे नारळ आमच्या अंगणात पडत. त्यावरून भांडण होऊन आमचे बोलणे बंद होते.

बाळ रांगायला लागायच्या आत अंगण झाकावे म्हणून मी भाऊ अल्ताफ याच्याकडून पॉलिकार्बोनेटची जाड शीट बसवून घेतली. पत्र्याने अंधार झाला असता, काच नारळाने फुटली असती. ही शीट काचेसारखी आरपार दिसते, पण वजनाला काचेच्या निम्मी आणि लवचिक असते. अल्ताफने तिच्या तुकड्यावर हातोडा मारून दाखवला. तडा गेला नाही. तेव्हा आकाराम भिंतीपलीकडून, कोणाला उद्देशून नव्हे असे, म्हणाले, "प्लास्टिकच ते. उन्हानं पिवळं पडंल की." अल्ताफने वरच्या बाजूला उन्हापासून राखणारा थर असल्याचे मोठ्याने सांगितले.

आज सकाळी अरीबा शीटखाली बाळाला तेल लावत होती, मी जवळच होते. आकाराम नारळ काढताना पाय घसरून थेट शीटवर पडले. शीट झोळीसारखी वाकली आणि परत वर आली. मी बाळाला उचलून घरात पळाले. बाहेर येऊन पाहते तर आकाराम पालथे, नाक शीटला चिकटलेले, डोळे मिटलेले. मी ओरडले, "आकारामभाऊ, जिवंत हायसा न्हवं?"

त्यांनी डोळे उघडले. "हाय की. बाळाला लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय. हलू नका, अल्ताफ शिडी घेऊन यायलाय."

"हलतोय कशाला? खालचं समदं दिसतंय, भ्या वाटायलंय."

अरीबाला हसू आवरेना. मग मला, मग त्यांनाही. त्यांच्या हसण्याने शीट हलत होती.

रस्त्यावरच्या कोणीतरी पोलिसांना फोन केला. जुन्या भांडणावरून मी त्यांना पाडले काय, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. दवाखान्यात त्यांचे उजवे मनगट मुरगळल्याचे सांगितले, बाकी खरचटले आहे. त्यांच्या कमरेच्या कोयत्याने शीटवर लांब ओरखडा उठला. ओरखडे तिच्यावर लवकर पडतात. शीट बदलायची नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच लिहिला आहे. सही करून लगेच निघते, कारण आकारामभाऊंना त्या हाताने भाकरी मोडता येत नाही आणि ते आमच्या घरी ताटावर बसून आहेत.