फळीवरची पिठी

दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंनी कान द्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण शेजारचा म्हातारा बेकरीवाला आणि त्याची बायको हळू आवाजात भांडत होती, आणि हळू आवाजातलं भांडण जास्तच ऐकू येतं.

“गहू बाधतो म्हणून सहा महिने त्याचा कण पोटात नाही, तरी तुझा रिपोर्ट तसाच! डॉक्टरांना काही कळत नाही.”

“त्यांना कळतंय हो.”

“तांदूळ मी स्वतः दळून आणतो. तुझ्या पावाची भांडी वेगळी, भट्टी वेगळी.”

“आणि गोळा फळीवर टाकायच्या आधी काय करता?”

“काय करणार? चिमूटभर पिठी भुरभुरवतो. नाहीतर चिकटेल की.”

“कसली पिठी?”

म्हाताऱ्याने हातातला रिपोर्ट उलटा करून पाहिला.

“अहो?”

“गव्हाची. अगं, चाळीस वर्षांची हाताची सवय! पण तुला कधी कळलं?”

“मागच्या महिन्यात बेकरीत आले होते, तेव्हा.”

“आणि तरी खात राहिलीस? तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?”

“अख्खा गाव तुमचा पाव खातो. खास माझ्यासाठी म्हणून पहिल्यांदाच भाजत होतात. चूक दाखवली तर थांबाल, असं वाटलं.”

म्हातारा आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. शिंपीणबाई नकळत बाकावर थोड्या जवळ सरकल्या.

“थांबतोय कशाला? उद्यापासून तूच ये बेकरीत. नवी फळी आणतो. मी मळतो, तांदळाची पिठी तू टाक.”

“आणि तुमचा हात गव्हाच्या डब्याकडे गेला तर?”

“तर लाटणं घाल हातावर.”

“मग लाटणंही नवंच आणा.”