पिकअपच्या केबिनमधलं पाणी

अरे, पाऊस पडला की माझ्या पिकअपच्या केबिनमध्ये पायाखाली तळंच व्हायचं. परतूरचा मिस्त्री म्हणला, "पत्रा सडला, केबिनच बदला." मंग मी गाडी विकायलाच निघाल्तो. बायको म्हणली, "आधी बघू तरी." ती उजेडाला हातातली बॅटरी घेऊन आत बसली, मी समोरच्या काचेवर पाण्याचा पाइप धरला. ती आतून जोरजोरात हात हलवायला लागली. मला वाटलं, अजून सोडा म्हणतीय. सोडलं!

चिंब भिजून ती बाहेर आली. "अहो, बंद करा म्हणत होते! पण सापडलं."

काचेखालच्या जाळीत कडुलिंबाचा पाला अडकल्ता, पाण्याची बाहेर जायची वाट तुंबल्ती, म्हणून पाणी आत येत होतं. तारेनं पाला काढला. पत्रा बिलकुल चांगला होता.

"आता तुम्ही बसा आत," ती पाइप घेऊन म्हणली. चांगली दहा मिनिटं तिनं पाणी मारलं. आत एक थेंब आला न्हाई. मी लई खूश, अन् ती जराशी नाराजच!