तलवार घेऊन आलेली मुलगी

दिनांक ३० सप्टेंबर २०२४, भूकंपाचा स्मृतिदिन. स्थळ लातूरचे बसस्थानक. बिलोलीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बापूसाहेबांच्या कानांवर शेजारच्या बाकावरचे बोलणे आपसूक पडत होते. केवळाबाईंच्या मांडीवर स्मृतिस्तंभासाठी घेतलेला झेंडूचा हार होता. दहावीतच क्लाससाठी शहरात ठेवलेली त्यांची नात पुनम मोबाइलवर जपानी कार्टून पाहत होती.

“डॉक्टर व्हायला ठेवलं तुला, आन् तू चित्रं बघून राहिली!”

“आज्जी, ही बाई बघ, लई दुष्ट हाय. घर पडताना पोराला उचलून पळाली, पोरीला आतच सोडलं.”

“पोरगं हाताशी निजलं आसंल.”

“तसं दाखवलं न्हाई.”

“दाखवाया पायजे व्हतं.”

“आज्जी... हा हार आत्याचाच ना? तवा पप्पा तुझ्या हाताशी व्हते?”

“हाव. पोरगी भिंतीकडं व्हती.”

पुनमने मोबाइल पालथा ठेवला.

“ठिवू नको. त्या पोरीचं पुढं काय झालं?”

“जगली ती. मोठी झाल्यावर आईला मारायला येती, तलवार घेऊन.”

“आईच्या म्होरं येती?”

“हाव.”

केवळाबाईंनी हाराची गुंतलेली दोरी सोडवली.

“मंग लई नशिबाची हाय ती बाई.”