टिलीला स्मेल्ट कोण घालतं

मी, वेंडेल हॉगस्टॅड, वय ७६ वर्षे, धंदा : पूर्वी सरोवरातल्या मालवाहू बोटीवर आचारी, सध्या निवृत्त, राहणार नदीच्या मुखाजवळ, हॅलवर बे, विस्कॉन्सिन, स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

माझ्या लहानपणी वसंतात स्मेल्ट मासळी नदीत चढली की वडील जाळं उपसून पत्र्याच्या टबात ओतत. टबावर गारा पडाव्यात तसा तो आवाज. शाळेत सरोवरावरची एक कविता होती, तिच्यात असा आवाज कुठेच नव्हता, याचं मला तेव्हापासून वाईट वाटतं. ती कविता मी म्हणून दाखवू लागलो, तेव्हा जबाब लिहून घेणाऱ्या ऑफिसर ब्रेना सॉइनी म्हणाल्या, "मिस्टर हॉगस्टॅड, कविता पुराव्यात धरत नाहीत." म्हणून ती इथे लिहिलेली नाही. आवाज मात्र तक्रारीशी संबंधित आहे, तो राहू द्यावा.

माझ्या घरी जेवणाच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी टाकी आहे. तीत टिली नावाची बांबू शार्क राहते. हातभर लांब आहे, तळाशी पडून असते, कुणाला चावत नाही. माझी मुलगी सिग्ने हिनं शाळेत असताना तिचं अंडं आणलं होतं. सिग्ने आता ओरेगनला असते. ती घरी का येत नाही, असं ऑफिसरनी विचारलं. त्याचा या तक्रारीशी संबंध नाही, असं मी सांगितलं.

टिलीचं खाणं मी स्वतः करतो. माकूळ, कोळंबी, शिंपल्यातलं मांस, समुद्री माशाचे तुकडे, आलटूनपालटून. वर जीवनसत्त्वाची गोळी कोळंबीच्या पोटात दडवून. आठवड्यातून मोजक्याच वेळा, आणि तेही पोट किंचित रिकामं राहील इतकंच. बोटीवर खलाशांना मी असं जेवू घातलं असतं तर त्यांनी मला पाण्यात ढकललं असतं. पण टिली त्यावर छान वाढली. सिग्ने रविवारी फोन करते. टिलीनं काय खाल्लं, हे विचारते. मी सविस्तर सांगतो. मध्ये थोडी कविताही घालतो. फोन चालू राहतो.

मार्चमध्ये माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आमच्या चर्चची रीत अशी, की कुणी आजारी पडलं की घरोघरी पाळी लागते आणि ओव्हनमधून काढलेली गरम भांडी त्याच्या घरी पोचतात. किल्ली ओसरीतल्या खिळ्याला असते, हे गावाला ठाऊक आहे. माझी तक्रार त्या भांड्यांबद्दल नाही. बटाट्याची फारच चांगली होती.

परंतु मी इस्पितळातून घरी परतल्यापासून टिली माकूळ तोंडात घेईना. पोट टम्म, पोहताना एका अंगावर कललेली. टाकीच्या गाळणीत मला स्मेल्टच्या चंदेरी शेपट्या, तळलेल्या माशावरचं पीठ आणि खिम्याचा एक गोळा, म्हणजे मीटबॉल, सापडला. डुलुथहून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, "हिला कुणीतरी प्रेमानं मारतंय." स्मेल्ट रोज खाल्ली की अंगातलं एक जीवनसत्त्व नष्ट होतं, मेंदूवर परिणाम होतो. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि काही दिवस पूर्ण उपास सांगितला. नंतर तिनं आपणहून माकूळ घेतलं तर वाचली, असं म्हणाल्या.

यावर ऑफिसर म्हणाल्या, "स्मेल्टनं कुणाचं वाईट झालंय? आम्ही सगळे तिच्यावरच वाढलोय."

मी म्हणालो, "आपण शार्क नाही."

काल, उपासाच्या शेवटच्या दिवशीही, गाळणीत ताजा मीटबॉल मिळाला. मी व्यायामाला जातो तेव्हाच कुणीतरी येतं. ऑफिसरनी विचारलं, "मीटबॉलमध्ये जायफळ होतं का?" मी आचारी आहे, वासावरून सांगितलं, होतं, आणि भरपूर होतं. ऑफिसरनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "संशयिताचं नाव सध्या रिकामं ठेवू. मी घरी जेवायला जाते तेव्हा तपास करते."

कुणाला अटक व्हावी अशी माझी इच्छा नाही. खाऊ घालणं थांबावं, एवढंच. सिग्नेच्या फोनवर मी टिलीबद्दल निरोप ठेवला होता. उत्तर आलेलं नाही. रविवारही कोरडा गेला. टिली नसली तर आम्ही दोघांनी फोनवर काय बोलायचं, हे मला माहीत नाही. हे वाक्य खोडावं असं मी म्हणालो. ऑफिसरनी खोडलं नाही.

वरचं सगळं ऑफिसर सॉइनी यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे, फक्त गारांच्या जागी अधिक सुंदर शब्द चालला असता. सही करणार, एवढ्यात ठाण्याचं दार उघडलं, म्हणून पुढचं माझ्या विनंतीवरून जोडलं आहे.

दारात ऑफिसरच्या आई मार्लिस सॉइनी होत्या, हातात झाकलेलं भांडं. त्यांचा दंड धरून मागे माझी मुलगी सिग्ने उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी, एक बाही कोपरापर्यंत ओली.

"ही बाई आपल्या टाकीत मीटबॉल सोडत होती," सिग्ने म्हणाली.

"अगं, बोट हलवलं की मागे येते बिचारी! उपाशीच दिसते!" मार्लिसबाई म्हणाल्या.

"आई, तू गप्प बस. सगळं लिहिलं जातंय," ऑफिसर म्हणाल्या.

सिग्नेच्या ओल्या बाहीला माकुळाचा वास येत होता. ती माझ्या कुबडीकडे पाहत होती.

"घेतलं तिनं, डॅड. माझ्या हातून," ती म्हणाली. "आता तू सांग. तू काय खाल्लंस आज?"