सासूनं कडी काढली नाही

सुपडू : नाही म्हणजे नाही, ताई. सासू आज दार उघडणार नाही. पुढच्या बाजारीही नाही.

रंजना : पन काब्र नही, सुपडूभाऊ? गोष्ट तुम्हनीच शे ना? एकदाव म्हनी टाका, सासूनी दार उघाडं, सूनले घरमा लिनं. तुम्हनं काय जाई?

सुपडू : माझं पोट जाईल. राजा-राणीची गोष्ट सांगून पाहिली मी. राजा लढाई जिंकला, बाया उठल्या, चालत्या झाल्या. साबण गाडीवर तसाच. मग ही धरली. सून उंबऱ्याबाहेर, सासू आतून कडी लावून. दिवाळीपासून सांगतोय. आता दार उघडतंय असं वाटलं की थांबायचं आणि साबणाची वडी वर धरायची. बाया चडफडतात, साबण घेतात, पुढच्या बाजारी पुन्हा हजर. सासू-सुनेची गोष्ट संपवायची नसते, ताई. संपवली की साबणाचा शेठ माझ्या जागी तबकड्या वाजवणारा फोनोवाला बसवेल.

रंजना : आन मी कोठे जाऊ?

सुपडू : तुझा काय संबंध?

रंजना : मी रुक्मिणीबाईनी सून. लोटननी बायको.

सुपडू : रुक्मिणीबाई? सगळ्यात पुढे बसते ती? अगं, गोष्टीतली सून रडली की ती पदर तोंडाला लावते!

रंजना : गोष्टमधली सूनकरता रडस. माले माहेर धाडी दिनं. पौषमा अंगनमा मिरच्या वाळाले टाकेल व्हत्यात. माले राखन बसाडं आन ती आठे गोष्ट ऐकाले उनी. तुम्हना भोंगा घरलोंग ऐकू येस, भाऊ. सून दारशे उनी, कडी हालनी... मन्हा पाय थांबनातच नही. मी बी उनू, मांगे लपीसन उभी ऱ्हायनू. तेवढामा अवकाळी पानी उनं. सर्वी मिरची काळी पडनी.

सुपडू : अरे देवा. नवरा काय म्हणतो?

रंजना : मायपुढे त्यानं तोंड उघडत नही. चार मानसं तिले समजाडाले गयात, तं भर बाजारमा बोलनी, जवय गोष्टमधली सासू दार उघाडी, तवय मी उघाडसू. लोके हासनात. तिले ठाव शे, तुम्ही कधीच उघाडतस नही.

सुपडू : पक्की आहे म्हातारी.

रंजना : मन्हा भाऊ आते दुसरं घर पाही ऱ्हायना. पुढला बाजारले पाव्हना येतीन, पाट लाई देतीन मन्हा. माले नही जानं, भाऊ. लोटन मन्हा चांगला शे. मन्हं घर आठेच शे.

सुपडू : हे बघ, तुझी मिरची मी भिजवली नाही.

रंजना : नही. पन सासू तुम्हनी गोष्टमा कडी लाईसन बठेल शे, आन दारबाहेर खरी मी उभी शे.

सुपडू : ... घंटा वाजवायची वेळ झाली. गाडीमागे बस, त्या गोणपाटाआड. हलू नकोस.

रंजना : उघाडशात ना?

सुपडू : मला विचारू नकोस. मलाच माहीत नाही.

(धानोऱ्याचा बाजार. बाया जमल्या आहेत. रुक्मिणीबाई सगळ्यात पुढे. सुपडू हातगाडीवर उभा, तोंडाला पत्र्याचा भोंगा.)

सुपडू : तर मायबहिणींनो! सून दाराशी. म्हणते, आत्याबाई, चुकले, पण घर माझंही आहे. आत सासू उभी. हात कडीवर. कडी हलली...

रुक्मिणीबाई : हां, बस. काढ आते साबन. आमले म्हाईत शे.

सुपडू : साबण नंतर, रुक्मिणीबाई. कडी निघाली. दार उघडलं.

रुक्मिणीबाई : खोटं! लबाड मेल्या! ती सासू अशी नही. एवढी मिरची नासाडी तिनी, आन ही दार उघाडी?

सुपडू : मिरची? गोष्टीतली सून न विचारता राखीला माहेरी गेली होती, बाई. मिरची कुठली?

रुक्मिणीबाई : ... हासू नका वं! कोनी हासू नका. तू सांग, काब्र उघाडं तिनी?

सुपडू : घरात बोलायला कोणी नव्हतं. मुलगा येतो, जेवतो, ताट सरकवून उठतो. आठवडाभर कुणाचा आवाज नाही. ऐकायला एक बाजारातला साबणवाला, तोही पोटासाठी बोलणारा.

रुक्मिणीबाई : हाई तुले कोनी सांगं?

सुपडू : कुणी कशाला सांगायला हवं? बाजार भरायच्या आधी तुम्ही इथे येऊन बसता. मी गाडी लावतो तेव्हा तुम्ही एकट्याच असता.

रुक्मिणीबाई : ... बरं. उघाडं तिनी. मंग? उघाडीसन काय बोलनी?

सुपडू : ते मला ठाऊक नाही.

रुक्मिणीबाई : असं कसं ठाव नही? गोष्ट तुन्ही शे!

सुपडू : इतका पुढे मी कधी गेलोच नाही, बाई. देवाशपथ.

रुक्मिणीबाई : आरे, दार उघाडं तं काही तरी म्हनाले पाहिजे ना! एवढा दिन व्हयनात. एकदम काय बोलाव बाईमानूसनी? तूच सांग ना काही!

रंजना : आत्याबाई.

रुक्मिणीबाई : ... तू? तू कवय उनी?

रंजना : सकायनी गाडीले. नवापूरथून.

रुक्मिणीबाई : एकलीच?

रंजना : हां.

सुपडू : बाई, सगळा बाजार ऐकतोय.

रुक्मिणीबाई : ऐकू दे. ... सकायनी गाडी म्हनजे जेवनी नही व्हशी तू. चाल घर.