गाईंवर केलेली हत्तीची तालीम

हसू नका, पण हत्ती वाटेत आला तर काय करायचं, याची तालीम मी इथे आयर्लंडमधल्या ट्रली गावात गाईंवर केली. आफ्रिकेच्या जंगलात स्वतः गाडी चालवत फिरायचा बेत माझ्या नवऱ्याचा, सुहासचा. तो वारला, केलेलं बुकिंग तसंच राहिलं, गाडी आता मलाच चालवायची. म्हणून शेजारच्या शॉनच्या गाईंसमोर इंजिन बंद करून बसले.

मागून लेक म्हणाली, “नो हॉर्न, आई. अँड डोन्ट ओपन द विंडो!”

एक गाय सरळ माझ्या खिडकीशी आली. हलेचना.

“नवऱ्याला शोधतेय तुझ्या,” कुंपणापलीकडून शॉन म्हणाला. “इथेच थांबून पोळी द्यायचा तिला.”

मी काच खाली केली. गाईने आत पाहिलं, मी दिसले, तशी ती वळून निघून गेली.

“आई! हत्ती असता तर?”

“तिथे नाही उघडणार,” मी म्हटलं. “तिथे तुझ्या बाबाला कुणी ओळखत नाही.”