त्याच दिवशी तोडायचा तुकडा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आपल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातील बंधुभगिनींनो, आणि आज निवृत्त होणारे आमच्या प्रयोगशाळेतील देवराव रामटेके,

मला पाच मिनिटे दिली आहेत. घड्याळ अध्यक्षांकडे आहे, तेव्हा वेळेची काळजी त्यांनीच करावी.

तूप घट्ट करायला हायड्रोजन लागतो, हे आपण जाणताच. पण तो पाइपाच्या पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो, हे किती जणांना ठाऊक होते? सत्त्याहत्तर साली प्रयोगशाळेचा प्रमुख मी होतो. मला ठाऊक असायला हवे होते.

दिवाळीच्या तोंडावर जुन्या पाइपाचे दोन तुकडे कापून आले. देवरावांनी एक त्याच दुपारी यंत्रावर ओढला. चांगले पोलाद तुटण्याआधी लांबते, मध्ये बारीक होते. हा कट्कन तुटला. मी सुट्टीवर निघालो होतो. म्हणालो, "दुसरा मी परत आल्यावर बघू."

देवराव म्हणाले, "साहेब, आजच तोडा ना. त्यातला गॅस उडून जाते. चार दिवसांनी हा तुकडा खोटं बोलन."

चार दिवसांनी तो मी स्वतः ओढला. झकास लांबला! मी पाइप पास केला, आणि चाचणीत हलगर्जीपणा केला म्हणून देवरावांना मेमो दिला. काय तो माझा रुबाब!

देवराव वाद घालत बसले नाहीत. पॅकिंगच्या बाया त्या पाइपाजवळ उन्हात डबा खायच्या. देवराव रोज बारा वाजता त्यांना तिथून उठवून लांब वाटेवर उभे राहू लागले. कांताबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी झापलेच होते, "काहून उठवून राहिले आमाले?"

"पाइप बिमार आहे वं बाई. तिकडं बसा."

मी पास केल्यापासून तेराव्या दिवशी साडेबाराला पाइप जोडाजवळ फाटला. आगीने अख्खी भिंत काळी झाली, माणूस एकही भाजला नाही. अहवालात मी लिहिले, 'सुदैवाने तेथे कोणी नव्हते.' सुदैवाने! ते सुदैव स्वतःचा डबा बाजूला ठेवून रोज त्या वाटेवर उभे असायचे.

त्या मेमोपायी त्यांची बढती सात वर्षे अडली. ते कधी बोलले नाहीत. मीही गप्प राहिलो, याची मला लाज वाटते.

आज सकाळी अध्यक्षांच्या सहीने तो मेमो रद्द झाला. पत्र सत्काराच्या ताटात नारळाखाली आहे. देवराव, घरी नेऊन वाचू नका. आजच, इथेच उघडा.

संयोजकांचे आणि आपण शांतपणे ऐकलेत त्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही उणे राहिले असेल तर सभेने मोठ्या मनाने सोडून द्यावे. मेमोची माफी मात्र मी देवरावांकडे मागतो. त्यांनी ती दिलीच पाहिजे असे नाही.